बोटीवरचे दाजी

बोटीचा प्रवास म्हणलं की तुम्हाला काय काय पाहिजे असतं ते मला ठाऊक आहे. डोंगराएवढ्या लाटा पाहिजेत, देवमासा पाहिजे, वादळात मोडलेलं शीड पाहिजे, आणि जमलंच तर पाण्यात पडलेली एखादी मड्डम मी केस धरून बाहेर काढलेली पाहिजे. परत आल्यावर उंब्रजच्या नाक्याला सर्व्हिस गाडीतनं उतरलो, तर हाटेलात बसलेल्या सगळ्यांनी हेच विचारलं. म्हणून आधीच सांगून टाकतो. लाटा बेताच्या होत्या. देवमासा दिसला नाही. बोटीला शीडच नव्हतं. आणि मड्डमा वरच्या मजल्यावर होत्या, तिथं आमच्यासारख्याला सोडत नव्हते. ज्याला देवमासाच पाहिजे त्यानं इथनंच उठावं, म्हशीच्या धारेची वेळ झाली असेल.

बसलात? बरं.

मी मोंबाशाला गेलो ते आक्काला पोचवायला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं लग्न ऐन लढाईत झालं. दाजी पलटणीत हवालदार. रजेवर आले, मांडवात उभे राहिले, आणि अंगाची हळद उतरायच्या आत माघारी बोलावल्याची तार आली. तिथनं जे आफ्रिकेत गेले ते गेलेच. लढाई संपली, पलटण परत आली, पण दाजींनी तिकडंच नाव कापून घेतलं आणि मोंबाशाच्या गोदीत मुकादमी धरली. सहा वर्षांनी त्यांनी तिकिटं पाठवली. आक्काचं जायचं, आणि पोचवणाऱ्याचं जायचं-यायचं. घरात रिकामा मीच. मॅट्रिकला आपटलेला, आणि गावातल्या कुणाचीही हुबेहूब नक्कल करण्यापलीकडं अंगात काही गुण नाही. आमचे वडील तात्या म्हणाले, "जा घिऊन तिला. निदान तितं तरी तुला कुनी वळखत न्हाई."

त्यांचं बोलणं किती खरं होतं ते बोट सुटल्यावर कळलं.

सुटताना धक्क्यावर माणसांची ही गर्दी, सगळे रुमाल हलवतायत. आम्हाला पोचवायला कुणी आलं नव्हतं, तरी मी हात हलवला. एका अनोळखी म्हाताऱ्यानं उलट हलवला. तेवढंच बरं वाटलं.

बेल दाबली की माणूस

आमचा वर्ग दुसरा. बोटीवर खोलीला केबिन म्हणतात. माझ्या केबिनीत झोपायच्या चार फळ्या. एकीवर मी, एकीवर रेल्वेत फिटर असलेले एक सरदारजी, आणि उरलेल्या दोन्हींवर सरदारजींचं सामान. आक्का बायकांच्या बाजूला, तीन गुजराती बायांबरोबर. त्या तिघी आपसात बोलायच्या आणि आक्काकडं बघून हसायच्या, आक्का पण हसायची, की झालं दिवसाचं बोलणं.

माझ्या उशाशी पितळेची बेल होती. पहिल्याच दुपारी दाबून बघितली. दार उघडून पांढऱ्या कोटातला एक माणूस आत आला आणि म्हणाला, "येस सर?"

मी मागं वळून बघितलं, सर कोण आलाय म्हणून.

"काही नाही," मी म्हणलं, "वाजते का बघत होतो."

"बरोबर, सर. सगळेच बघतात." हा इनास, गोव्याकडचा. आमच्या बाजूच्या केबिनींची चाकरी त्याच्याकडं. अशा चाकराला बोटीवर स्टुअर्ड म्हणतात. सकाळी उठायच्या आधी हा चहाचा कप आणि दोन बिस्किटं घेऊन हजर. आमच्या घरी अंथरुणात चहा फक्त बाळंतिणीला. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली, की उठून, चूळ भरून, टोपी घालून मी तो चहा घेतला.

आंघोळीचीही बडदास्त. इनास येऊन सांगणार, "सर, बाथ तयार." टबात समुद्राचं गरम पाणी. त्यात साबणाला काही फेस येईना. घासघास घासला, शेवटी अंगाला वडी चिकटली आणि मी मिठातल्या कैरीसारखा बाहेर आलो.

पण खरी फजिती जेवणात झाली. घंटा वाजली की मोठ्या दिवाणखान्यात जायचं. पांढरी चादर, काटे, सुऱ्या, समोर छापील यादी. आता आपली रीत काय? वाढायला आला की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा. मग वाढणारा म्हणणार, "आवं घ्या की, येवढ्यानं काय हुतंय," आणि बोटांच्या फटीतनं वाढणार. मी रीतीनं म्हणलं, "नको नको." वाढणाऱ्यानं मान लववून "थँक यू, सर" म्हणलं, आणि तो गेला की हो पुढच्या माणसाकडं! भात गेला. बटाटे गेले. पिवळी थलथलीत खीर होती, ती तर माझ्या नाकाखालनं गेली. मी काटा-सुरी एकमेकांशेजारी नीट ठेवून वाट बघत बसलो, तर दुसऱ्यानं येऊन माझी बशीच उचलली. काटा-सुरी शेजारी ठेवली म्हणजे पोट भरलं, अशी तिकडची खूण.

दुसऱ्या दिवसापासनं मी पहिल्या झटक्यात "हो" म्हणायला शिकलो. पोट भरायला लागलं. तरी कुणीतरी "घे रं, लाजू नगंस" म्हणल्याशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही, ते नाहीच लागलं. परत येताना मी एकटा होतो. तेव्हा भरल्या टेबलाशी बसून एकदा हळूच स्वतःलाच म्हणलं, "घे रं सदा." शेजारचा साहेब टकामका बघायला लागला.

होडीच्या आडोशाला

नकलाकाराचं एक दुखणं असतं. ज्याची नक्कल करायची तो ऐकणाऱ्याच्या ओळखीचा लागतो. आमच्या बापू न्हाव्याची नक्कल उंब्रजात टाळ्या घेते, कराडात निम्म्या घेते. बोटीवर बापूच कुणाला माहीत नाही. मी सरदारजींना करून दाखवली. त्यांनी विचारलं, "पेट में दर्द है?" मग मी नुसता कठड्याला धरून पाणी बघत बसायला लागलो. वर साहेबांच्या मजल्यावर बँड वाजायचा, पायांचा आवाज यायचा. आमच्या मजल्यावर लाकडी घोड्यांची शर्यत व्हायची, फासा टाकून घोडे पुढं सरकवायचे. मी दोनदा जाऊन उभा राहिलो. कुणी "ये" म्हणलं नाही, आणि न बोलावता बसायची आपल्याला सवय नाही.

उरली आक्का. ती दिवाणखान्यात पाऊल टाकायची नाही. "कशाच्या पळीनं काय ढवळल्यालं आसंल," म्हणायची. घरनं आणलेल्या वाळक्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या, यावर तिचं चाललं होतं. डेकवर टांगलेल्या होड्या असतात, त्यातल्या शेवटच्या होडीमागं आडोसा होता. तिथं आम्ही दोघं बसून खायचो. इनास न सांगता तिच्यासाठी गरम दूध आणून ठेवायचा आणि पाठ करून उभा राहायचा.

एका सकाळी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती म्हणाली, "सदा, मला त्यांचं तोंड ध्यानात न्हाई रं."

"कुनाचं?"

"कुनाचं म्हंजे!" आक्का नवऱ्याचं नाव कधी घ्यायची नाही. "घर पावण्यांनी भरल्यालं, म्होरं सासूसासरं. मान वर करून बघितलं कवा मी? पाय तेवढं ध्यानात हायती. डाव्या आंगठ्याचं नख काळं हुतं. आता धक्क्यावर काय समद्यांचं पाय बघत फिरू व्हय?"

मला हसू आलं, ते तिथंच राहिलं. सहा वर्षं ही बाई सासरी राबत होती, आणि ज्याच्यासाठी राबत होती त्याचा आवाज तिला आठवत नव्हता.

"बोलतात कसं ते?" तिनं विचारलं. "लग्नात तू सारखा त्यांच्या मागं मागं हिंडायचास. करून दाव की."

मी उठलो. उजवा हात पाठीमागं घेतला, हनुवटी वर केली, घसा खाकरला. दाजी मान वळवत नाहीत, सगळं अंग वळवतात, तोफ वळवल्यासारखं. आणि प्रश्न विचारला की उत्तर पण स्वतःच देतात. "जेवन झालं? ठीक है? ठीक है!" आक्कानं तोंडात पदर कोंबला. हसून हसून तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

मग रोजचं तेच झालं. भाकरी खाऊन झाली की ती म्हणायची, "कर." मी दाजी व्हायचो. पहिले दिवस ती नुसती हसायची. मग हळूच उत्तर द्यायला लागली. मी म्हणायचो, "परवास कसा झाला? ठीक है?" आणि ती मान खाली घालून म्हणायची, "व्हय." मी दाजींचा आवाज सोडून म्हणायचो, "आक्का, एवढ्यानं सौंसार हुनार न्हाई. आनखी बोल काय तरी." मग ती पाय जुळवून, परीक्षेला बसल्यासारखी, "परवास बरा झाला. पानी लय हाय," म्हणायची. एवढं बोलली की तिला घाम यायचा.

"सदा, ह्ये कुनाला दावू नगंस हां," ती एकदा म्हणाली. "आपल्या दोगातलं हाय."

"न्हाई दावत," मी म्हणलं.

दर्याचा राजा

पृथ्वीच्या मधोमध जी रेघ भूगोलात आम्हाला घोकायला लावली होती, ती बोट ओलांडते त्या दिवशी मोठी गंमत असते. एक खलाशी तागाची दाढी लावून दर्याचा राजा होतो, दुसरा लुगड्यासारखं काहीतरी गुंडाळून त्याची राणी. पहिल्यांदा रेघ ओलांडणाऱ्याला धरून आणतात, तोंडाला बादलीभर फेस फासतात, लाकडाच्या हातभर वस्तऱ्यानं दाढी करतात आणि ताडपत्रीच्या हौदात उलटा टाकतात. आमच्या जत्रेतल्या सोंगांना लाजवील असा थाट. साहेबांच्या मजल्यावरची माणसंसुद्धा ते बघायला खाली आली होती. सरदारजींना टाकलं, ते पगडी सावरत शिव्या देत वर आले, सगळे पोट धरून हसले.

मी चांगले कपडे काढून ठेवून तयारीनं गेलो होतो. राजाच्या शिपायांसमोरनं एकदा गेलो. मग उगाच काहीतरी विसरल्यासारखं करून माघारी आलो. पुन्हा एकदा गेलो. मला कुणी धरलंच नाही. हौद उपसला, राजानं दाढी काढून बिडी पेटवली, आणि मी कोरडाच्या कोरडा केबिनीत आलो. इतकं कोरडं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी जेवणानंतर करमणुकीचा कार्यक्रम होता. बोटीवर एक कारभारी असतो, त्याला पर्सर म्हणतात. तो प्रवाशांतनंच हौशी माणसं गोळा करतो. एका साहेबानं पियानो बडवला. गुजराती मुलींनी गरबा केला. सरदारजींनी असा काही सूर लावला, की टेबलावरचे पेले किणकिणले. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. बायकांच्या बाकांवर कडेला आक्का बसली होती. गुजराती बाया तिला ओढून घेऊन आल्या होत्या.

इनास कॉफीचा ट्रे घेऊन माझ्याजवळ थांबला. "सर, ते करा ना. होडीमागं करता ते."

"ते न्हाई," मी म्हणलं.

"लई मजा येईल, सर. मी सांगतो पर्सरला."

मी पुन्हा नाही म्हणलं. पण आपल्या रीतीनं म्हणलं, आणि नेमका ह्या वेळी त्यानं दुसऱ्यांदा आग्रह केला.

उभा राहिलो. हात मागं, हनुवटी वर. दाजी लग्नाला सासुरवाडीला आले होते तेव्हाची गोष्ट केली : म्हशीनं धारेला लाथ मारली, तर दाजी तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "म्हैस, सावधान! पूंछ नीचे! ठीक है? ठीक है!" मग चहा पिताना कपाला हुकूम. मग सासूला सलाम, आणि बिचारी आई घाबरून हातातल्या लाटण्यानं उलटा सलाम करते ती. बापू न्हाव्याला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं, पण हवालदार सगळ्या जगाला माहीत. साहेब हसले, खलाशी हसले, दारात आचारी येऊन उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा खाकरलो आणि बायकांच्या बाजूला बघितलं, तर आक्काची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी बोटीचा राजा. जो भेटेल तो हात मागं घेऊन, "ठीक है?" आणि बाकीचे कोरसात, "ठीक है!" सरदारजींनी फळीवरनं सामान उतरवून मला पाय पसरायला जागा दिली. शर्यतीच्या घोड्याला माझं नाव दिलं. वाढणारा न विचारता दोनदा वाढायला लागला. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. मी भाकरीच्या वेळी होडीमागं जाऊन बसलो. दूध आलं, थंड झालं, त्यावर साय धरली. आक्का आली नाही. बायकांच्या केबिनीच्या दाराशी गेलो, तर गुजराती बाई डोकं दुखतंय अशी खूण करून दार लोटून आत गेली.

मोंबासा

सकाळी किनारा दिसला. माड आपल्या कोकणातले उचलून नेल्यासारखे, मधनं एक प्रचंड बुंध्याचं झाड, हत्ती उलटा पुरल्यासारखं. सगळी बोट कठड्याला लोटली. आक्का हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आली आणि माझ्याजवळच उभी राहिली. दुसरीकडं जाणार कुठं?

"कंचं रं?" ती म्हणाली. कार्यक्रमापासनंचं तिचं पहिलं बोलणं.

मी शोधत होतो काळ्या कुळकुळीत मिशा आणि छाती. खाली नुसती गर्दी. मिशा कुठंच नाहीत. "दिसना गं," मी म्हणलं. तिनं कठडा इतका घट्ट धरला, की बांगड्या मनगटात रुतल्या.

तेवढ्यात माझ्या कानाशी सरदारजी ओरडले, "ओये! वो देखो! ठीक है वाला!"

सगळ्यांनी बोटाच्या रोखानं बघितलं. गोदामाच्या सावलीत एक वाळका माणूस उभा होता. केस पांढरे, मिशी काढलेली, पायांत बूट. मी त्याला बाजारात ओळखला नसता. पण उजवा हात पाठीमागं होता, हनुवटी वर होती, आणि बोट सरकेल तसं तो मान न वळवता सगळं अंग वळवत होता. बायकोला सापडला नाही, मेव्हण्याला सापडला नाही, तो ज्यांनी जन्मात बघितला नव्हता त्यांनी बरोबर उचलला.

आणि मग सगळा कठडा हसायला लागला. डझनभर हात कपाळाला गेले. "ठीक है? ठीक है!"

दाजींनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मागं कुणी साहेब उभा आहे का ते बघितलं. मग हे आपल्यालाच आहे असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. हात बराच वेळ खाली आला नाही. वर टाळ्यांचा पाऊस पडला. आक्का सलामाकडं बघत होती, मी पाण्याकडं.

दाजींचं घर म्हणजे गोदीमागं पत्र्याच्या चाळीतल्या दोन खोल्या, पुढं पायरी. त्यांनी स्वतः स्वयंपाक केला होता. तिकडं रताळ्यासारखा एक कंद उकडून खातात, तो होता, नारळ घातलेली आमटी होती. "घे रं, लाजू नगंस," म्हणून त्यांनी मला तीनदा वाढलं, आणि ते खाणं मला गिळेना. शेजारचे आले की त्यांना दाजी सांगायचे, "सगल्या बोट ने सलामी दिया! पलटन में कभी नहीं मिला!" मग माझ्याकडं सगळं अंग वळवून, "काय रं सदा, माज्याबद्दल त्यास्नी कुनी सांगितलं आसंल?"

"कप्तानाला म्हाईत हुतं जनू," मी म्हणलं. आक्का चुलीपुढं होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या संध्याकाळी दाजी कामावरनं आले, बूट काढले, आणि सलामीची गोष्ट पुन्हा सुरू करणार तेवढ्यात आक्का म्हणाली, "सदा, भाईर बस जा."

मी पायरीवर बसलो. दार लोटलेलं. आतनं आक्काचा आवाज यायला लागला. आधी अडखळत, मग सरळ. होडीमागं जिला एका वाक्याला घाम यायचा ती आता थांबेना. माहेर, सासर, सहा वर्षं, बोट, सगळंच सांगत असावी; आवाज ऐकू यायचा, शब्द मात्र कळायचे नाहीत. मधेच दाजी काहीतरी विचारायचे आणि उत्तराला थांबायचे. समोर काळी पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत होती. आत दोघं होती आणि बाहेर मी होतो. इतक्या वर्षांत मला कधी कुणाच्या दाराबाहेर बसायची पाळी आली नव्हती.

दार उघडलं.

"आत ये. हुभा ऱ्हा. भिताडाला टेकू नगंस." दाजींचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "नक्कल केलीस त्येचं मला काय न्हाई. पलटनीत बी पोरं करायची, मी आडून बघायचो. लोक हासलं, हासू दे. पन हिनं नगं म्हनल्यालं न्हवतं? बहीन सांगती कुनाला दावू नगंस, आन तू धा मुलकाच्या लोकांम्होरं दावतोस? टाळ्यांसाटनं? आन कालपास्नं मी सलामीची गोष्ट सांगतोय, तू माज्या ताटाला बसून मान डोलावतोस. कप्तानाला म्हाईत हुतं म्हनं! लाज न्हाई वाटली? हिला वाटली. रातभर डोळा लागला न्हाई हिचा. तिनं सांगितलं म्हनून मला कळलं, न्हाईतर मरंस्तवर त्यो सलाम मी मिरवला आसता. गप, मधी बोलू नगंस. गावाकडं गेलास की झालं तसं समद्यास्नी सांग, माजी ना न्हाई. पन हात मागं घिऊन न्हाई, नुसतं तोंडानं सांग. आन आयक. त्या होडीमागं काय चालायचं त्ये बी सांगितलं हिनं. ते आता बंद. तिला माजी नक्कल लागत न्हाई. मी हाय हितं."